लायब्ररी ऑफ काँग्रेसचं फोटोभांडार: फेमस फोटो राहू दे, त्याच्या शेजारचे बघा

'फोटोमागची गोष्ट' म्हणून नेटवर जे काय फिरत असतं ना, त्यात फोटो कुठूनतरी उचललेला, कडा कापलेल्या, वरून रंग चढवलेला आणि खाली डोळ्यात पाणी आणणारा एक पॅरेग्राफ. त्याला कंटाळलेल्यांनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वेबसाइटवरचा फोटोंचा विभाग बघाच. फुकट आहे, लॉगिन-बिगिन काही नाही, आणि बऱ्याच फोटोंचं मोठ्ठं टिफ स्कॅन उतरवून घेता येतं. पण माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे एक साधा पर्याय आहे, कॉल नंबरप्रमाणे (म्हणजे लायब्ररीत वस्तू ज्या क्रमाने लावलीय त्या नंबराप्रमाणे) शेजारचे फोटो बघायचा. तो बहुतेक लोक दाबतच नाहीत.

उदाहरण म्हणून फोटोग्राफर डोरोथिया लँगचा 'मायग्रंट मदर' घ्या. १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांची छावणी. हा फोटो सगळ्यांनी हजारदा बघितलाय, पण शेजारच्या फ्रेम्स बघितल्या की कळतं की लँग आधी लांबून अख्खा तंबू घेते, मग जवळ, अजून जवळ, आणि शेवटी तो चेहरा, दोन्हीकडून बिलगलेली पोरं. मूळ फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला अंगठा होता, तो १९३९ मध्ये निगेटिव्हवर रिटच करून घालवला. इथे अंगठा असलेला प्रिंटपण आहे आणि रिटच केलेलंपण, दोन टॅबमध्ये उघडून झूम करा, घालवलेला अंगठा अजूनही पुसटसा दिसतो. त्या बाईंचं नाव लँगने विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि त्या फोटोवर अजिबात खूश नव्हत्या, कारण त्यांना त्यातून एक पैसा मिळाला नव्हता.

शेजारच्या फ्रेमने तर काही फोटोंची चोरीच पकडली गेलीय. अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर, जुलै १८६३ मध्ये, फोटोग्राफर अलेक्झांडर गार्डनरच्या टीमने दगडांच्या आडोशाला पडलेल्या एका मेलेल्या नेमबाजाचा फोटो काढला, बाजूला बंदूक टेकवलेली. तोच माणूस दुसऱ्या निगेटिव्ह्जमध्ये वेगळ्याच ठिकाणी पडलेला दिसतो! म्हणजे मृतदेह चाळीसेक यार्ड उचलून नेला आणि चांगली फ्रेम बनवली, बंदूकसुद्धा नेमबाजाची नाहीच. आर्थर रॉथस्टीनने १९३६ मध्ये सरकारसाठी साउथ डकोटात दुष्काळाचे फोटो काढताना बैलाची कवटी काही फूट सरकवली, तर तेव्हाचा अध्यक्ष रूझवेल्टच्या विरोधातल्या पेपरांनी निवडणुकीच्या तोंडावर केवढा गोंधळ घातला होता. कवटीचे ते वेगवेगळे फोटोपण इथे आहेत. (मृतदेह हलवला तर शंभर वर्षं कोणाला पत्ता नाही आणि कवटी हलवली तर लगेच बोंब, हे मला अजून पचलेलं नाही.)

आता विचित्र फोटो पाहिजे असतील तर हे घ्या. लँग, रॉथस्टीन, वॉकर इव्हान्स वगैरे मंडळी ज्या सरकारी प्रोजेक्टसाठी फिरत होती त्याचा प्रमुख होता रॉय स्ट्रायकर, आणि त्याला एखादी फ्रेम नको असली की निगेटिव्हला सरळ पंचने भोक पाडायचे. ती निगेटिव्ह्ज पण जपून ठेवलीत, स्कॅनही केलीत. म्हणजे शेतात उभा माणूस आणि चेहऱ्याच्या जागी काळाकुट्ट गोल, नाहीतर आकाशात एक काळा सूर्य, असे फोटो एकामागोमाग एक येत राहतात. मुद्दाम केलेली मॉडर्न आर्ट वाटावी असं काहीतरी! अशा बऱ्याच फोटोंना शीर्षकच नाही, 'बहुतेक अमुक फोटोशी संबंधित' एवढंच लिहिलेलं असतं, आणि तो अमुक कोणता हे शेजारी बघून आपणच शोधायचं.

कॅप्शनसाठी मात्र लुईस हाइनच. बालमजुरीचे फोटो. १९०८ मधली नॉर्थ कॅरोलिनाच्या सूतगिरणीतली एक मुलगी आहे, कॅप्शनमध्ये तिची उंची ५१ इंच, मजुरी दिवसाला ४८ सेंट, आणि वय विचारल्यावर आधी म्हणाली आठवत नाही, मग हळूच सांगितलं की कामाला यायचं वय नाहीये पण येते. एवढंच. यावर अजून कोणी काय गोष्ट रचणार?

रंगीतसाठी प्रोकुदिन-गोर्स्की. झारच्या काळातला रशिया, एकाच काचेच्या प्लेटवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून एकाखाली एक तीन फोटो, ते एकावर एक जुळवले की रंगीत. १९११ च्या सुमाराचा बुखाराचा अमीर बघा, निळा झगा, काल काढल्यासारखा. तीन फोटोंच्या मध्ये जे हललं ते जुळत नाही, म्हणून वाहत्या पाण्यावर रंगीत झालर दिसते. तिन्ही फ्रेम्स वेगळ्या स्वरूपातही मिळतात, फोटोशॉप येत असेल तर स्वतः जुळवून बघा, रविवार कसा जातो कळणार नाही.

राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या फोटोचं निगेटिव्हपण इथेच. ते १९१३ च्या पुरात भिजलं होतं, त्याचा तुटलेला कोपरा स्कॅनमध्ये तसाच आहे, आणि मला तसाच आवडतो.

आता कटकटी. सगळं इंग्रजीत. जुन्या कॅप्शन्समध्ये त्या काळातले अपमानास्पद शब्द आहेत तसेच ठेवलेत, शाळेतल्या मुलांना दाखवणार असाल तर आधी वाचून घ्या. हक्कांचा प्रश्न असलेले काही फोटो लायब्ररीच्या बाहेर फक्त टिकलीएवढे दिसतात, आणि कुठे छापायचा असेल तर हक्कांची ओळ प्रत्येक फोटोखाली वेगळी वाचावी लागते, सगळंच मोकळं आहे असं धरून चालू नका. टिफ फाइल्स अवजड असतात, मोबाइलवर नुसतं बघायचं असेल तर जेपेग पुरे. आणि उतरवलेल्या फाइलचं नाव बदलू नका, त्यात फोटोचा डिजिटल आयडी असतो, नंतर त्याच्यावरूनच मूळ पान परत सापडतं आणि शेजारचे फोटोही.