आजोबांचे कागद: पॉलिएस्टरच्या पाकिटात की आम्लमुक्त कागदाच्या?

लॅमिनेशनचा विचार असेल तर तो आधी सोडा. आजीचा शाळा सोडल्याचा दाखला मी प्रेमापोटी लॅमिनेट करून आणला. उष्णतेने चिकटलेलं ते प्लॅस्टिक आता दाखला फाडल्याशिवाय निघत नाही. पीव्हीसीच्या अल्बमचंही तेच, आपल्याकडच्या मे महिन्यात फोटो त्याला चिकटून बसतात. उरतात दोन पर्याय: पारदर्शक पॉलिएस्टर, म्हणजे मायलर, किंवा आम्लमुक्त कागद.

मी दोन्ही वापरले. १८७७ साली सुरू झालेल्या आपल्या सोलापूरच्या ‘जुनी मिल’ या कापड गिरणीत आजोबा कामाला होते. त्यांचा मिलचा पास, पगाराच्या चिठ्ठ्या, शिसपेन्सिलीने लिहिलेल्या हिशेबाची सुटी पानं आणि १९३१च्या जानेवारीतलं, सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीच्या बातमीचं कात्रण, एवढा आमचा ठेवा.

पॉलिएस्टरचं सुख मोठं. कागदाला बोट न लावता दोन्ही बाजू वाचता येतात. नातवंडांच्या हातात पास बिनधास्त देता येतो.

पण सोलापूरची हवा उन्हाळ्यात किती कोरडी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. पान आत सरकवलं की फिल्म चरचरते, तिच्यात स्थिर वीज तयार होते आणि धूळ खेचली जाते. धूळ पुसता येते हो. पण एकदा हिशेबाचं पान बाहेर काढलं, तर फिल्मच्या आतल्या बाजूला करडी भुकटी दिसली. आजोबांच्या हातचे आकडे तिथे उतरले होते! त्या दिवशी सगळी पेन्सिलीची पानं कागदी पाकिटात गेली.

कागदी पाकिटात आतलं दिसत नाही, ही अडचण खरी. मी पान घालण्याआधीच पाकिटावर पेन्सिलीने नोंद करतो आणि पाहण्यासाठी झेरॉक्स वेगळी ठेवतो. या कागदात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते आम्ल शोषतं. कात्रणाला मात्र स्वतंत्र पाकीट हवंच. वर्तमानपत्राच्या कागदातल्या लिग्निनमुळे, म्हणजे लाकडातून आलेल्या घटकामुळे, आम्ल तयार होतं आणि शेजारचा कागदही पिवळा पडतो. आजीच्या रेशमी शालूसाठी कार्बोनेट नसलेला आम्लमुक्त कागद घ्या, रेशमाला ते मानवत नाही.

तुमच्याकडे फोटो आणि शाईचे पक्के दाखलेच असतील, तर पॉलिएस्टर वाईट नाही. आमचा पास अजून त्यातच आहे. पेन्सिलीचं एक जरी पान असलं, तरी मी म्हणेन, कागदच घ्या. आणि खोकं पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. आमचं मधल्या खोलीतल्या कपाटात आहे, खालून दुसऱ्या खणात.