गच्चीवरचा कमाल-किमान तापमापक: फाल्गुनातल्या थंडीसाठी घेतलेली वस्तू

ज्यांची झाडं गच्चीवर कुंड्यांत आहेत, अशा प्रत्येक बडोदेकरानं घरात एक कमाल-किमान तापमापक ठेवावा, असं माझं ठाम मत झालं आहे. मी घेतला तेव्हा किंमत पाचशे रुपयांच्या आत होती. वीज लागत नाही, सेल लागत नाही, मोबाइल लागत नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि पात्र्यांसाठी, म्हणजे अळुवड्यांसाठी, लावलेलं अळू आहे. या सगळ्यांना बडोद्याची मार्गशीर्ष-पौषातली थंडी सोसते, कारण तेव्हा झाडं निजलेली असतात. घात होतो तो माघाच्या शेवटी आणि फाल्गुनात. दुपारी ३२ अंश ऊन, झाडांना कोवळी पालवी, आणि मध्येच दोन-तीन पहाटे अशा येतात की पालवी काळवंडून खाली येते.

तापमापक घेतला युनिव्हर्सिटीच्या बाजूच्या एका दुकानातून. तिथे विद्यार्थ्यांसाठी चंचुपात्रं, परीक्षानळ्या असं काचसामान मिळतं. दुकानदारांनी विचारलं, ‘बेन, कॉलेज माटे जोईए छे?’ मी म्हटलं, ‘ना भाई, तुलसी माटे.’ त्यांनी अगदी गंभीरपणे तीन नळ्या काढल्या, एकेक उभी धरून उजेडात पाहिली आणि जिच्यात पाऱ्याची रेघ सलग होती ती दिली. ‘घरी जाताना आडवी करू नका, पारा तुटतो,’ हेही बजावलं. माल विकणाऱ्याला मालाची अशी समज असली की त्या दुकानाबद्दल आदर वाटतो. पावती दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात उभी बसवून दिली.

आता वस्तूबद्दल. काचेची नळी यू आकाराची असते. खालच्या वळणात पारा, त्याच्या वर दोन्ही बाजूंना अल्कोहोल, आणि प्रत्येक बाजूला एक बारीक लोखंडी काडी. थंडी वाढली की डावीकडच्या फुग्यातलं अल्कोहोल आकसतं, पारा डाव्या बाजूला वर चढतो आणि काडीला पुढे ढकलतो. सकाळी ऊन आलं की पारा मागे फिरतो, पण काडी होती तिथेच राहते. उजव्या बाजूला दुपारच्या उन्हाची नोंद अशीच होते. काडीचं पाऱ्याकडचं, म्हणजे खालचं टोक ज्या रेघेवर असेल तो आकडा वाचायचा. डाव्या बाजूची पट्टी उलटी असते, वर गेलं की अंश कमी होतात. सवय होईपर्यंत तिथे जरा थांबून वाचावं. मग चुंबकानं दोन्ही काड्या पाऱ्यापर्यंत ओढून आणायच्या, की पुढच्या रात्रीसाठी तयार. जेम्स सिक्स नावाच्या इंग्रज माणसानं १७८० साली हे यंत्र बनवलं आणि आजही त्याची मूळ रचना तीच आहे. पहाटे पाचला उठून पहारा न करता रात्रीचा नीचांक सकाळी चहा घेताना कळतो, याची किंमत बागवाल्यांनाच समजेल.

लावायची जागा फार महत्त्वाची आहे. हवामान खात्याची तापमानयंत्रं पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतात, म्हणजे ऊन थेट लागत नाही आणि वारा खेळता राहतो. घरी तशी पेटी नसेल तर उत्तरेकडची सावलीची जागा निवडावी, भिंतीला चिकटवू नये. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत लाकडी फळीवर लावला आहे. पश्चिमेच्या भिंतीवर लावलात तर दुपारची तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते आणि आकडा खोटा येतो.

शहराचा म्हणून जो किमान आकडा बातम्यांत येतो, तो एका ठिकाणचा असतो. आमच्या गच्चीचा आकडा त्याहून कधी वर असतो, कधी खाली. निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि वारा पडलेला, अशा रात्री उघड्या गच्चीवरची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. त्या रात्री शेडच्या पत्र्याखालची कुंडी आणि कठड्याजवळची उघडी कुंडी यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक पडलेला मी पाहिला आहे. तोच फरक तुळशीला जगवतो किंवा मारतो. आमच्याकडे गच्चीवर १२ च्या खाली जाण्याचा रंग दिसला की जुनी सुती धोतरं आणि साड्या बाहेर येतात. झाकायचं ते ऊन उतरायच्या आत, म्हणजे कुंडीतली ऊब आत राहते. प्लास्टिक पानाला टेकलं की तिथेच डाग पडतो, म्हणून कापडच बरं. दुपारी मातीला पाणी दिलेलं असलं तर ओली माती रात्री जास्त वेळ उबदार राहते.

या यंत्राचा मला सर्वांत मोठा उपयोग झाला तो थंडी येण्याआधी ती ओळखण्यासाठी. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानवरून जे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यातली वादळी हवा, येतात, ते काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात. विक्षोभ जवळ येताना आपल्याकडे वारा दक्षिणेकडून वळतो, ढग येतात, कधी मावठा, म्हणजे अवकाळी पाऊस, होतो आणि रात्री उबदार होतात. डावी काडी एकदम जास्त अंशांवर थांबलेली दिसते, आणि लोक म्हणतात, चला, गेली थंडी. नेमकं तेव्हाच सावध राहायचं. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की त्याच्या पाठीमागून उत्तरेचा कोरडा वारा राजस्थान ओलांडून गुजरातेत उतरतो, आकाश स्वच्छ होतं आणि एक-दोन रात्रींत तापमान घसरतं. म्हणून फेब्रुवारीत ढगाळ, ऊबदार रात्र वहीत लिहिली की पुढचे तीन-चार दिवस मी धोतरं आवरून ठेवत नाही.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण आम्ही लहानपणापासून म्हणत आलो आणि मला ती प्रिय आहे. पण होळी २०२४ साली २४ मार्चला होती, २०२५ साली १३ मार्चला. चांद्र महिने आणि अधिक महिना यांमुळे ती मागेपुढे होते, उत्तरेच्या वाऱ्याला मात्र पंचांग बांधून ठेवत नाही. कुंड्या झाकायच्या की नाही हे मी काडीवरून ठरवते.

आमच्या मागच्या अंगणात केसर आंब्याचं झाड आहे. त्याच्यासाठी तर हे आकडे अनमोल आहेत. मोहोर यायला थंडी हवीच, पण मोहोर फुललेला असताना रात्री फार गार गेल्या तर फळधारणा कमी होते. आणि गार रात्र, उबदार दुपार, वर ढगाळ दमट हवा असं जुळलं की मोहोरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, बसते, तुडतुडे वाढतात. पांढरी पूड दिसल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आकड्यांकडे पाहून आधीच मोहोर रोज तपासायला लागलेलं चांगलं. ज्यांच्याकडे एकच झाड आहे, त्यांना त्या एका झाडाचा मोहोर गळताना पाहून काय वाटतं ते मी सांगायला नको.

दोन काड्यांमधलं अंतर बघणं ही माझी रोजची आवड झाली आहे. फाल्गुनातल्या कोरड्या हवेत एका दिवसात १८ अंशांचं अंतर सहज पडतं. खंभातच्या आखाताकडून नैऋत्येचा दमट वारा यायला लागला की बाष्प रात्रीची ऊब धरून ठेवतं, डावी काडी २० अंशांहून जास्त दाखवते आणि अंतर कमी होत जातं. पावसाळ्यात तर दोन्ही काड्या सहा-सात अंशांत येतात. बडोद्याचं वसंतातलं हवामान मला या अंतरात जितकं स्पष्ट दिसतं तितकं ढोबळ अंदाजात दिसत नाही.

उणिवा आहेत. हवेतला दमटपणा हे यंत्र मोजत नाही, आणि भुरीचा अंदाज बांधायला तो लागतोच, त्यासाठी वेगळा आर्द्रतामापक घ्यावा लागतो. पट्टीवरच्या रेघा बारीक आहेत, चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत, शिवाय उन्हाजवळ असल्यानं आकड्यांचा रंग एका वर्षात फिकट झाला. चुंबक सुटा येतो, त्याला दोरी बांधून खिळ्याला अडकवला नाही तर हरवतो. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे पारा. तो विषारी आहे. घरात लहान मुलं गच्चीवर खेळत असतील तर बिनपाऱ्याचा प्रकार मागा किंवा तार बाहेर सोडायचा डिजिटल घ्या. डिजिटलमध्ये कमाल-किमान दोन्ही साठतात आणि वाचायला सोपं जातं, सेल मात्र बदलावे लागतात. नळी फुटलीच तर पारा झाडूनं झाडू नका, हातही लावू नका. खिडक्या उघडा, मुलांना लांब ठेवा, हातमोजे घालून जाड कागदानं थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

घ्यायचा तर दिवाळीनंतर लगेच घ्या, म्हणजे माघापर्यंत तुमच्या गच्चीचा स्वभाव वहीत उतरलेला असेल. दुकानातच नळी उभी धरून पारा सलग आहे ना, दोन्ही काड्या चुंबकानं मोकळ्या सरकतात ना, आणि आत्ता दोन्ही बाजूंना पारा एकच अंश दाखवतो ना, एवढं तपासा. दोन्हीकडचा आकडा जुळत नसेल तर दुसरी नळी मागा, दुकानदार कितीही ‘चालशे’ म्हणाला तरी.