बोटीवरचं जुनं पितळ: चिंच की ब्रासो?

होकायंत्राचं भांडं, घड्याळाची केस, बॅरोमीटरची कडा, घंटा. खाऱ्या वाऱ्यात हे सगळं बघता बघता काळवंडतं. देवघरातली समई चिंचेने उजळणारा हात इथेही चिंचेकडेच वळतो.

घंटेसारख्या सुट्या, भरीव वस्तूंना चिंच उत्तम. हिरवा गंज ती विरघळवते. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात कोळा आणि दोन मिनिटं लावून ठेवा. मीठ मात्र घालू नका, बोटीवर ते आधीच भरपूर असतं. मग गोड्या पाण्याने दोनदा धुऊन लगेच पुसा. आम्ल सांध्यात राहिलं तर पितळेतलं जस्त झिजतं आणि तांबूस डाग पडतात. डाग वरवरचे असतील तर पॉलिशने जातात, खोल असतील तर धातूच कमकुवत झालेला असतो.

जागेवर बसवलेल्या यंत्रांना आमचं मत ब्रासो या तयार पॉलिशच्या बाजूने, कारण धुवावं लागत नाही. पण त्यात घासणारी बारीक पूड असते. थेंबभर कापडावर घ्या, यंत्रावर ओतू नका. काचेच्या कडेला पांढरी पूड अडकली की निघता निघत नाही. कोरलेल्या अंशांतला काळा रंगही त्याने जातो, म्हणून तबकडीला हात लावूच नये.

लोखंडी तारेचा घासणा होकायंत्राजवळ नकोच. त्याचे कण चिकटून राहिले तर सुई फसते.

दोन्हींनंतर मेणाचा पातळ थर द्या.