एटिमऑनलाइनचा रिव्ह्यू: 'सेट' या एका शब्दासाठी तरी ही साइट उघडाच

इंग्रजी शब्दांचं मूळ शोधायला मी सध्या सगळ्यात जास्त वापरतो ती म्हणजे ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, सगळे तिला एटिमऑनलाइनच म्हणतात. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, मोबाईल अ‍ॅपही आहे. डग्लस हार्पर नावाच्या एका अमेरिकन माणसाने ही साइट उभी केली, 2000 च्या सुमारास कामाला लागला आणि आज तिथे हजारो शब्दांचा इतिहास आहे, मागे कुठलंही मोठं विद्यापीठ नाही की प्रकाशन संस्था नाही. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता अशी साइट चांगली की वाईट हे ठरवायचं कसं? अवघड शब्द टाकून काही कळत नाही, कारण अवघड शब्दाचा इतिहास बहुतेक सरळ असतो, लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत, संपलं. खरी परीक्षा छोट्या शब्दांची. म्हणून मी 'सेट' घेतला. आपण दिवसभर वापरतो हा शब्द, केस सेट केले, दही सेट झालं, चहाचा सेट, टीव्हीचा सेट, सिरियलचा सेट, टेनिसमधला सेट, गजर सेट कर, त्याचं लाईफ सेट आहे, आणि 'वर सेटिंग आहे त्याची' हे तर सगळ्यांना माहीतच आहे. (सेट-नेटमधला सेट यात धरू नका, ती परीक्षेच्या नावाची आद्याक्षरं आहेत.)

हा शब्द कोशकारांसाठी केवढा मोठा आहे बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची 20 खंडांची दुसरी आवृत्ती 1989 साली आली, त्यात 'सेट' या क्रियापदाचे 430 अर्थ होते आणि ती एक नोंदच सुमारे 60,000 शब्दांची होती, म्हणजे एक छोटी कादंबरी झाली की! पुढे नवीन आवृत्तीच्या कामात 'रन' ने त्याला मागे टाकलं, त्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले. म्हणजे तीन अक्षरी शब्दांचीच चढाओढ, मोठमोठे शब्द जवळपासही नाहीत.

तर एटिमऑनलाइनवर 'सेट' शोधलं की पहिली गोष्ट कळते ती ही की हा एक शब्द नाहीच. क्रियापदाची नोंद वेगळी, विशेषणाची वेगळी, नामाच्या परत वेगवेगळ्या नोंदी, आणि इजिप्तच्या सेट देवाचीही आहे, त्याचा बाकीच्यांशी काही संबंध नाही. ही विभागणी मला फार आवडते, कारण नेहमीच्या डिक्शनऱ्यांमध्ये अर्थांचे एक, दोन, तीन असे नंबर टाकलेले असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळे एकाच झाडाचे. इथे मुळं वेगळी तर नोंद वेगळी.

क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या 'सेत्तन' वरून आलंय आणि त्याचा अर्थ बसवणं. 'सिट' म्हणजे बसणं आणि 'सेट' म्हणजे बसायला लावणं, अगदी आपल्या बसणे-बसवणे सारखी जोडी. इंग्रजीत अशा आणखी जोड्या आहेत, 'फॉल' म्हणजे पडणं आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणं, 'लाय' म्हणजे आडवं होणं आणि 'ले' म्हणजे आडवं ठेवणं, शाळेत या आपण वेगवेगळे शब्द म्हणून पाठ करतो. पण 'सेट' कळायला मराठी माणसाला काहीच त्रास पडू नये, कारण आपणही बसवणे कुठे कुठे वापरतो बघा ना. अंगठीत खडा बसवतो, नळ बसवतो, फरशी बसवतो, गणपती बसवतो, नाटक बसवतो, चाल बसवतो. इंग्रजीत अंगठीतल्या खड्याला 'सेट' करतात, घड्याळ 'सेट' करतात, कवितेला संगीतात 'सेट' करतात. 430 अर्थ ऐकून दडपण येतं पण बसवणे डोक्यात ठेवून त्या यादीतून फिरलं की निम्म्याहून जास्त अर्थ आपोआप जागेवर येतात, हे मुलांना शिकवताना मला खूप उपयोगी पडलंय.

आणि चहाचा सेट? तो दुसऱ्या घरचा! वस्तूंचा संच या अर्थाचा 'सेट' जुन्या फ्रेंचमधल्या 'सेत्त' वरून आला, ते लॅटिनमधल्या 'सेक्ता' चं रूप, म्हणजे ज्यातून पंथ या अर्थाचा 'सेक्ट' आला तेच. इंग्रजीतही हा नाम-'सेट' आधी धार्मिक पंथ या अर्थाने आला, मग माणसांचा गट आणि मग वस्तूंचा. पण दिसायला दोघं सारखेच, त्यामुळे बसवण्यातल्या 'सेट' ची सावली याच्यावर पडत गेली आणि आज दोघांची सरमिसळ इतकी आहे की नेमकी रेघ मारता येत नाही. साइटवर ही सरमिसळ लपवलेली नाही, एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला असं स्पष्ट लिहिलंय, मला ते प्रामाणिक वाटलं.

'सेक्ता' च्या मागे लॅटिनचं 'सेक्वी' आहे, म्हणजे मागून जाणं. कोटाचा 'सूट' आणि हॉटेलातला 'स्वीट' हे दोन्ही त्याच 'सेक्वी' चे. आणि साइटवर या मुळाच्या पानावर संस्कृतचं 'सचते' दिलेलं सापडेल, सोबत जातो या अर्थाचं. त्याच सच् धातूवरून आपला सचिव, म्हणजे मुळात सोबती. मंत्रालयातले सचिव आणि कपाटातला चहाचा सेट लांबचे नातेवाईक निघतात, हे पहिल्यांदा जुळवलं तेव्हा मी अख्खी संध्याकाळ तेच करत बसलो होतो.

या साइटचं माझ्या मते सगळ्यात मोठं बळ इथेच आहे. बऱ्याच नोंदींमध्ये मूळ धातूची लिंक असते, त्यावर टॅप केलं की त्या धातूतून निघालेले सगळे इंग्रजी शब्द एका पानावर. 'सेट' च्या क्रियापदावरून 'सेड' या धातूवर जा, अर्थ बसणं. तिथली यादी वाचा सावकाश: सीट, सॅडल, चेअर, सेशन, प्रेसिडेंट, सेडिमेंट, नेस्ट, अगदी साइजसुद्धा, आणि शेवटाकडे चक्क उपनिषद! संस्कृतचा सद् धातू तो हाच. मग आपल्याकडचं आपण जोडत जायचं, संसद, परिषद, सभासद, सगळीकडे बसणंच आहे. संसदेचं सेशन म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो. 'नेस्ट' म्हणजे खाली बसायची जागा, संस्कृतमधलं नीड म्हणजे घरटं हा तोच शब्द. मला सगळ्यात सुंदर वाटतो तो प्रसन्न. प्र आणि सद्, गाळ खाली बसून पाणी निवळलं की ते प्रसन्न, मग मन प्रसन्न. तिकडे इंग्रजीत त्या खाली बसलेल्या गाळाला 'सेडिमेंट' म्हणतात आणि हिंदीच्या भूगोलात गाळाच्या खडकांना अवसादी शैल, तिन्हीकडे एकच सद्. एक सांगतो, या उत्साहात आसन यात घालू नका, ते आस् धातूचं आहे, अर्थ तोच पण मूळ वेगळं.

आता उणिवा. पहिली म्हणजे हा इतिहासाचा कोश आहे, अर्थाचा नाही. टेनिसचा सेट कसा मोजतात किंवा गणितातला संच म्हणजे काय हे इथे शोधू नका, वाक्यात वापर दाखवणारी उदाहरणंही फार नाहीत, त्यासाठी साधी डिक्शनरी बाजूला उघडी ठेवावी लागते. दुसरी, साइटवर संदर्भग्रंथांची यादी आहे पण अमुक तारीख कुठून घेतली हे प्रत्येक नोंदीत वाक्यागणिक मिळत नाही, कॉलेजच्या प्रबंधात टाकायचं असेल तर ऑक्सफर्डचा कोश बघावाच लागेल, आणि त्याची पूर्ण आवृत्ती पैसे भरून मिळते (काही विद्यापीठांच्या लायब्ररीतून मिळते, चौकशी करा). तिसरी, नवीन माणसाला तिथल्या खुणा कळत नाहीत. शब्दाआधी छोटी चांदणी असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलना करून बांधलेलं आहे, आणि पीआयई म्हणजे प्रोटो-इंडो-युरोपियन, आपल्या आणि युरोपातल्या बऱ्याच भाषांची मानलेली आदिभाषा. 'सेड' वर ही चांदणी आहे, सद् वर नाही. तारखांचंही तसंच, तिथे दिलेलं साल म्हणजे तो शब्द लिखाणात पहिल्यांदा सापडतो ते साल, लोक त्याआधी किती वर्षं बोलत होते ते त्यातून कळत नाही.

या उणिवा धरूनसुद्धा मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापला तो नोंदीत संदर्भ नसल्याबद्दल.

मराठीसाठी असं एका टॅपवर काही नाही याची मात्र खंत वाटते. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोश 1946 चा, मोल्सवर्थचा कोश तर 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीतून आपण अजून बघतो, आणि तो ऑनलाइन शोधता येतो तो शिकागो विद्यापीठाच्या साइटवर! त्याच साइटवर टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोशही आहे, मराठी शब्दाचं संस्कृत-प्राकृत मूळ बघायला तो उत्तम, फक्त वाचायची सवय व्हायला थोडा वेळ जातो. एटिमऑनलाइन आणि टर्नर दोन टॅबमध्ये उघडे ठेवून बसा, एकीकडे 'सेड' आणि दुसरीकडे सद्.

स्पर्धा परीक्षेची मुलं, इंग्रजीचे शिक्षक, भाषांतर करणारे, यांनी तर मोबाईलवर ठेवाच. सुरुवात 'सेट' पासून करा, मग 'रन', 'बार', 'बँक' असे छोटेच शब्द घ्या. 'बार' मध्ये वकिलांचा, दारूचा आणि हवामान खात्याच्या मिलिबारमधला असे तिन्ही बघा आणि त्यातला कुठला वेगळ्या मुळाचा आहे ते स्वतः शोधा, मी सांगत नाही.