चेबिशेव्ह की चिठ्ठ्या?

शेजारच्या वर्गाच्या मॅडम विचारत होत्या, "वितरण (आकडे कसे पसरलेत ते) दिलेलंच नाही, हे पोरांना कसं पटवायचं?" सवय अशी की सरासरी दिसली की घंटेच्या आकाराचा आलेख काढून मोकळे. वितरण न धरता शिकवायच्या दोन वाटा आहेत.

पहिली, रशियन गणितज्ञ चेबिशेव्हची असमानता (1867): सरासरीच्या आसपास किमान किती आकडे येणार ते ती सांगते. अर्ध्या तासात फळ्यावर होते. गुळाच्या रव्यांची सरासरी 10 किलो, प्रमाण विचलन (वजनं सरासरीपासून साधारण किती लांब जातात ते) 200 ग्रॅम धरा. वितरण कसंही असो, 9.6 ते 10.4 किलोत, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन प्रमाण विचलनांत, किमान 75 टक्के रवे येणारच. वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचं, असतं तर साधारण 95. या 75 आणि 95 मधल्या फरकातच सगळा धडा आहे. पण "किमान" शब्द पोरं हमखास गिळतात आणि पेपरात "75 टक्के असतात" लिहून येतात.

दुसरी वाट बूटस्ट्रॅपची, म्हणजे हातातल्याच नमुन्यातून पुन्हापुन्हा निवड करण्याची; संख्याशास्त्रज्ञ एफ्रन यांची, 1979 ची. बारा रव्यांची वजनं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायची. एक काढायची, वजन टिपायचं, चिठ्ठी परत डब्यात. असं बारा वेळा, मग सरासरी. चाळीस पोरांनी पाच-पाच वेळा केलं की 200 सरासऱ्या. दोन्ही टोकांच्या पाच-पाच सोडल्या की मधल्या 95 टक्क्यांचा पट्टा हाती; खरी सरासरी कुठे असेल याचा तो अंदाज. दोन तास जातात, गोंगाट वेगळाच. आणि बाराही रवे एकाच गुऱ्हाळातले असतील, तर डबाही तेवढंच सांगणार.

खर्च दोन्हीकडे नगण्य.

परीक्षा तोंडावर असेल तर चेबिशेव्ह. पुढे प्रकल्पात खरी आकडेवारी हाताळायची असेल तर डबाच घ्या, मॅडम.