बूट्स, नॉटिंगहॅम: गोळ्या घ्यायला गेले आणि कॉलेज बघून आले

औषधाच्या दुकानात सँडविच विकायला ठेवलेलं पाहिलं आणि मला हसूच आलं. दारातून शिरल्यावर आधी लिपस्टिक, मग अत्तरं, मग शाम्पू, मग फ्रीजच्या उघड्या कपाटात सँडविच आणि सरबताच्या बाटल्या, आणि हे सगळं ओलांडलं की पार मागे औषधं. एकतीस वर्षं मी आणि ह्यांनी मेडिकल चालवलं. आमच्याकडे सौंदर्यप्रसाधनं म्हणजे काउंटरच्या काचेखालचे चार साबण आणि एक पावडरचा डबा. त्यामुळे हे परीक्षण एका निवृत्त दुकानदारणीचं आहे, हे आधीच सांगते. मी दुकानात गेले की माल नंतर बघते, मांडणी आधी बघते.

मुलगी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात शिकते. तिच्याकडे सहा आठवडे राहायला गेले होते आणि तिथल्या थंडीत तिसऱ्याच दिवशी गुडघे बोलायला लागले. गोळ्या संपल्या होत्या, म्हणून गावातल्या बूट्स नावाच्या ह्या औषधांच्या दुकानात शिरलो. आयबुप्रोफेनची, म्हणजे आपल्या ब्रूफेनची, २०० मिलिग्रॅमची १६ गोळ्यांची डबी तिथे सरळ शेल्फवरून उचलता येते. मोठं पाकीट हवं असेल तर फार्मासिस्टच्या काउंटरवर जावं लागतं. ही पद्धत मला आवडली. काउंटरवरच्या मुलीने आधी विचारलं, पोटाचा काही त्रास? दमा? आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? हेच तीन प्रश्न विचारून विचारून माझा घसा बसला होता एकतीस वर्षं, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, ब्रूफेन द्या की नुसती, चौकशा कशाला!" आता काउंटरच्या पलीकडे उभी राहून मीच उत्तरं देत होते.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तुझी ब्रूफेन इथलीच आहे. ह्याच दुकानाची." मला वाटलं, इथे विकतात म्हणून म्हणतेय. तसं नव्हतं. ती गोळी शोधली ह्याच शहरात, ह्याच बूट्सच्या माणसांनी. आणि ती शिकते ते विद्यापीठ ज्या जमिनीवर उभं आहे, ती जमीनही ह्याच दुकानदाराने दिलेली. मग मात्र मी म्हटलं, चल, दाखव मला. दुकान अर्धंच पाहिलंय मी.

थोडा इतिहास सांगते. १८४९ साली जॉन बूट नावाच्या, आधी शेतात राबणाऱ्या माणसाने नॉटिंगहॅमच्या गूज गेट रस्त्यावर झाडपाल्याच्या औषधांचं दुकान टाकलं. डॉक्टर परवडत नाही अशा गिरणीतल्या आणि हातमागावरच्या लोकांसाठी. १८६० मध्ये तो गेला. मागे बायको मेरी आणि दहा वर्षांचा जेसी. तेराव्या वर्षी जेसीने शाळा सोडली आणि आईबरोबर दुकानात उभा राहिला. कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या माणसाने पुढे कॉलेजला जमीन दिली, ह्याचं मूळ मला ह्या तेराव्या वर्षात दिसतं. शाळा सुटलेल्या माणसाला शाळेची किंमत कळते. आमच्या सासऱ्यांकडे पाहून मला हे माहीत होतं.

जेसीचं डोकं मात्र पक्क्या व्यापाऱ्याचं. उधारी बंद, रोखीचा धंदा, ठोक खरेदी आणि नफा कमी. एप्सम सॉल्ट, म्हणजे जुलाबाचं मीठ, त्याने टनाने विकत घेतलं आणि बाकीचे औंसाला जो भाव लावत होते तो ह्याने वजनी पौंडाला, म्हणजे सोळा औंसांना, लावला. बाकीचे केमिस्ट किती चिडले असतील ते मला सांगायला नको. शेजारच्या गल्लीत कुणी पाच टक्के सूट लावली तर आमच्या संघटनेची बैठक बसायची. १८८० साली तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने (तेव्हा सर्वोच्च न्यायालयही तेच) निकाल दिला की कंपनीलाही पात्र औषधनिर्माते नोकरीला ठेवून औषधं विकता येतील. पुढे जेसीने फार्मासिस्ट नेमला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही स्वस्तात भरून द्यायला लागला. १९३३ साली स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्समध्ये त्यांचं हजारावं दुकान उघडलं.

पण दुकान दुकान झालं ते बायकोमुळे, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. फ्लॉरेन्स रो ही जर्सी बेटावरच्या पुस्तकं-स्टेशनरी विकणाऱ्याची मुलगी. १८८६ साली लग्न होऊन आली आणि औषधांच्या दुकानात कागद, चित्रकलेचं सामान, अत्तरं, भेटवस्तू आणून मांडल्या. पुढे मोठ्या दुकानांत चहाची खोली काढली, वर्गणी भरून पुस्तकं न्यायचं वाचनालय काढलं. ते वाचनालय १९६६ पर्यंत चाललं! आणि ते ठेवलं कुठे? वरच्या मजल्यावर, नाहीतर दुकानाच्या पार मागे. म्हणजे पुस्तक बदलायला आलेली बाई साबण, अत्तर, पावडर ओलांडूनच जाणार. आजही औषधं मागे आणि लिपस्टिक पुढे आहे, ती ह्या बाईंची विद्या. सकाळी उपाशीपोटी कामाला येणाऱ्या पोरींना ती दुकानात गरम कोको द्यायची. विद्यापीठातल्या एका जुन्या वसतिगृहाला तिचं नाव आहे, फ्लॉरेन्स बूट हॉल. ते १९२८ साली मुलींसाठी उघडलं.

तर, ट्राम. गावातून बीस्टनकडे जाणारी ट्राम विद्यापीठाच्या दाराशी थांबते. उतरल्यावर प्रवेशाजवळ जेसी बूटचा अर्धपुतळा आहे. मुलीने वाचून दाखवलं. त्यावरच्या ओळींचा अर्थ असा, की ह्याच्यासमोर आहे ते ह्याच्या उद्योगाचं स्मारक आणि पाठीमागे आहे ते ह्याच्या दातृत्वाचं. समोर म्हणजे बीस्टनमधला बूट्सचा कारखाना, मागे तळं आणि टेकडीवरचं पांढऱ्या दगडाचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं विद्यापीठ. मी पुतळ्याशेजारी उभी राहून एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला ह्यापेक्षा चांगली जागा कुठली? आवक समोर, जावक पाठीशी.

आकडे सांगते, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. १९२० साली, सत्तरीचा झाल्यावर, संधिवाताने जवळजवळ जखडलेल्या जेसीने सगळी कंपनी अमेरिकेच्या युनायटेड ड्रग कंपनीला बावीस लाखांहून जास्त पौंडांना विकली. पुढच्याच वर्षी हायफील्ड्सची सुमारे ३५ एकर जमीन नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला दिली. हे कॉलेज १८८१ पासून गावात शेक्सपिअर स्ट्रीटवर दाटीवाटीने चाललेलं होतं. जमिनीवर इमारत बांधायलाही पैसे दिले, आणि तळ्याभोवतीची बाग गावातल्या लोकांना फिरायला. १० जुलै १९२८ रोजी राजा पाचव्या जॉर्जने नव्या इमारतीचं उद्घाटन केलं. तिचं नाव ट्रेंट बिल्डिंग. ट्रेंट ही इथली नदी, आणि पुढच्या वर्षी जेसीला मिळालेली उमरावकीही लॉर्ड ट्रेंट ह्याच नावाची.

इथे थोडं खवचट बोलते. १९०९ साली 'सर', मग बॅरोनेट म्हणजे पिढीजात 'सर', मग १९२९ साली लॉर्ड. दानाची वही आणि पदव्यांची वही शेजारी शेजारी ठेवली तर तारखा बऱ्यापैकी जुळतात. पण मी कोण बोलणार? आमच्या सासऱ्यांनी एका कॉलेजच्या वाचनालयाला लोखंडी कपाट दिलं होतं, दारावर पिवळ्या रंगात नाव घालून. ग्रंथपालाने कपाट असं ठेवलं की दार उघडलं की नाव भिंतीकडे. सासरे महिन्यातून एकदा काही ना काही निमित्ताने तिथे जायचे आणि दार लावून यायचे.

जेसीवर खवचटपणा माझ्या आधी दुसऱ्याने केलाय, आणि जबरदस्त केलाय. लेखक डी. एच. लॉरेन्स ह्याच कॉलेजच्या जुन्या इमारतीत शिकलेला. नवी इमारत झाल्यावर त्याने एक झोंबरी कविता लिहिली. रोखीच्या औषधांवर काढलेल्या नफ्यातून विद्येचं मंदिर उभं राहिलं, असा तिचा सूर. मुलीने अर्थ सांगितला, आणि मला राग आला. अरे, दुकानदाराकडे गिऱ्हाइकाच्या खिशातून आलेल्या पैशाखेरीज दुसरा पैसा असतो कुठे? विचारायचं ते हे, की वजनात मारलं का, भेसळ केली का, अडल्यानडल्याला लुबाडलं का. ज्याने औंसाचा भाव पौंडाला लावला त्याला हा टोमणा मारणं म्हणजे जरा जास्तच. लॉरेन्सच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे कॉलेजने व्यापाऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायला सुरुवात केली की शिकवायचं काय हेही तोच ठरवेल, ही भीती खोटी नव्हती. ती खरी ठरली का, हे मी त्या तळ्याकाठी बसून बराच वेळ बघत होते.

मला जे दिसलं ते असं. स्ट्युअर्ट ॲडम्स नावाचा मुलगा सोळाव्या वर्षी शाळा सोडून बूट्सच्या एका दुकानात उमेदवारीला लागला. तिथून तो नॉटिंगहॅमच्या ह्याच कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकायला आला आणि शिकून परत बूट्समध्येच गेला, आता संशोधनाला. काम काय, तर संधिवातावर ॲस्पिरिनपेक्षा सोसवणारं औषध शोधा. सहाशेच्या वर संयुगं तपासली. रुग्णांवरच्या चाचण्यांत आधीची औषधं एकामागून एक बाद झाली. शेवटी रसायनतज्ज्ञ जॉन निकल्सनबरोबर जे हाती लागलं ते आयबुप्रोफेन. १९६९ साली ब्रूफेन नावाने ब्रिटनमध्ये आलं. ॲडम्सने स्वतः एका भाषणाआधी, आदल्या रात्री जास्त झाल्यामुळे दुखणाऱ्या डोक्यासाठी ६०० मिलिग्रॅम घेऊन पाहिलं होतं, हा किस्सा तोच सांगायचा. आणि ह्या संशोधनाच्या पाठीशी उभे राहणारे वरिष्ठ गॉर्डन हॉबडे पुढे बूट्सचे अध्यक्ष झाले आणि नंतर ह्याच विद्यापीठाचे कुलपती.

म्हणजे बघा. संधिवाताने जखडलेल्या म्हाताऱ्याने जमीन दिली. त्या जमिनीवर त्याच्याच दुकानातला उमेदवार शिकला. त्याने संधिवाताची गोळी काढली. म्हाताऱ्याला ती मिळाली नाही. तो १९३१ सालीच जर्सीला वारला. माझ्या पर्समध्ये मात्र होती. मी ती डबी काढून हातात धरली, आणि मुलगी म्हणाली, "आई, पुतळ्याला दाखवू नकोस, लोक बघतायत."

तिसरी पिढी राहिली. जेसीचा मुलगा, आजोबांच्याच नावाचा जॉन. जेसीने कंपनी परक्याला विकली त्यामागे मुलाच्या हातून धंदा चालेल असा भरवसा नव्हता, असं सांगतात. आमच्या धंद्यात अशी घरं मी पाहिलीत. बाप गल्ल्याची किल्ली मरेपर्यंत कमरेला ठेवतो. पण १९३३ साली कंपनी परत ब्रिटिशांच्या हातात आली ती ह्याच जॉनच्या काळात. १९३४ साली कारखान्यात पगार न कापता पाच दिवसांचा आठवडा त्याने आणला. पुढच्या वर्षी नंबर सेव्हन ही प्रसाधनं आली. दारातून शिरल्या शिरल्या मला दिसलेली लिपस्टिक तीच. आणि १९४८ साली कॉलेजला स्वतःची पदवी देणाऱ्या विद्यापीठाची सनद मिळाली, तेव्हा पहिला कुलपती हाच. बापाने दिलेल्या वास्तूत मुलाने झगा घालून पदव्या वाटल्या. हे बघायला जेसी हवा होता, असं मला फार वाटलं. भरवसा नव्हता म्हणे!

आता दुकानाबद्दल, कारण परीक्षण दुकानाचं आहे. मांडणीला माझ्याकडून पूर्ण गुण. काउंटरवरच्या चौकशीला त्याहून जास्त. दुकानात सगळीकडे इतका प्रकाश आहे की माझ्यासारखीला डबीवरची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचता आली. औषधांपर्यंत पोचायला चालावं लागतं. ज्याचे गुडघे दुखतात तोच तिथे जाणार, हे फ्लॉरेन्सबाईंनी लक्षात घ्यायला हवं होतं. फक्त गोळ्याच हव्या असतील तर नॉटिंगहॅममध्ये दुसरी दुकानंही पुष्कळ आहेत आणि गोळी तीच आहे. पण वेळ असेल तर ट्रामने पुतळ्यापर्यंत जाऊन या. तळ्याकाठी बाकं आहेत, बागेत शिरायला पैसे पडत नाहीत, आणि चढ चढवत नसेल तर टेकडीवरची पांढरी इमारत खालूनच चांगली दिसते.

परत निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा बूट्समध्ये गेले. ह्यांच्यासाठी एक डबी घेतली, आणि ज्याला पहिल्या दिवशी हसले होते ते सँडविचही घेतलं. चीज-कांद्याचं. बरं होतं.