डॉक्युमेंटमध्ये बसवलेलं नो-कोड ॲप: लॉगिनचा चौकोन काही केल्या जात नाही

टीमच्या ऑनलाइन डॉक्युमेंटच्या पानातच नो-कोड ॲप (कोड न लिहिता बनवलेलं ॲप) दाखवणं म्हणजे एम्बेड. ते कसं करायचं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग टीममधल्या काही जणांना ॲपच्या जागी नुसता लॉगिनचा चौकोन दिसायला लागला. पासवर्ड टाकला की पुन्हा तोच चौकोन, आणि वेगळ्या टॅबमध्ये मात्र तेच ॲप झकास उघडतं. सपोर्टचं दर वेळचं उत्तर: कॅश साफ करा. कॅशचा इथे काडीचाही संबंध नाही, म्हणून जास्त संताप येतो.

मूळ थर्ड-पार्टी कुकीत आहे. कुकी म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद; ती उघडलेल्या पानापेक्षा वेगळ्या साइटची असेल तर थर्ड-पार्टी. डॉक्युमेंट एका डोमेनवर (वेब पत्त्यावर) आणि ॲप दुसऱ्यावर, त्यामुळे आयफ्रेममधल्या (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीतल्या) ॲपची कुकी ब्राउझरच्या लेखी परकी. सफारी 2020पासून अशा सगळ्या कुकी अडवतं. फायरफॉक्स त्या प्रत्येक साइटच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतं, त्यामुळे टॅबमध्ये केलेलं लॉगिन डॉक्युमेंटमध्ये चालत नाही. क्रोमने सरसकट बंदीचा बेत सोडला, पण इन्कॉग्निटोमध्ये त्या बंदच असतात. शिवाय ॲपने कुकीवर 'सेमसाइट=नन' (दुसऱ्या साइटच्या पानातही पाठव) आणि 'सिक्युअर' (फक्त सुरक्षित जोडणीवर पाठव) हे दोन्ही शिक्के लावले नसतील, तर क्रोमही ती आयफ्रेममध्ये पाठवत नाही. म्हणून तक्रार आली की आधी ब्राउझर कोणता ते विचारा. लॉगिन गूगलमार्फत असेल तर आणखी एक अडसर: गूगलचं साइन-इन पान आयफ्रेममध्ये उघडतच नाही. ते पॉपअपमध्ये उघडावं लागतं, आणि डॉक्युमेंटच्या सँडबॉक्सने (आयफ्रेमवर घातलेल्या बंधनांनी) पॉपअप अडवला की तेही संपलं.

चौकोनात लॉगिनऐवजी 'रिफ्यूज्ड टू कनेक्ट' दिसत असेल तर तो वेगळा आजार. तिथे ॲपचा सर्व्हरच 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' किंवा 'फ्रेम-ॲन्सेस्टर्स' (मला कोणाच्या पानात दाखवायचं ते ब्राउझरला सांगणाऱ्या सूचना) लावून नकार देतो. बहुतेक वेळा एडिटरची (ॲप बनवायच्या पानाची) लिंक चिकटवलेली असते. एम्बेडची लिंक वेगळी मिळते, ती घ्या. एअरटेबल या तक्ते आणि फॉर्म बनवायच्या नो-कोड साधनाच्या अशा लिंकमध्ये डोमेननंतर 'एम्बेड' हा शब्द असतो. तरीही उघडलं नाही तर ॲपच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंटचं डोमेन परवानगीच्या यादीत घाला.

लॉगिनवर टिकाऊ उपाय एकच सापडला: डॉक्युमेंट आणि ॲप दोन्ही एकाच मुख्य डोमेनच्या सबडोमेनवर (त्याच पत्त्याच्या पोटपत्त्यांवर) आणायचे. मग कुकी परकी राहत नाही. पण दोन्हीकडे कस्टम (स्वतःचं) डोमेन लावायची सोय हवी आणि ती सहसा महागड्या प्लॅनमध्येच असते. एका चौकोनासाठी हा खर्च मला पटत नाही.

एम्बेड केलेल्या फॉर्मबद्दलचं मत मात्र पूर्ण बदललं. आधी तो किरकोळ वाटत होता, आता सगळ्यात उपयोगी तोच. लॉगिन नाही, म्हणून कुकीची भानगड नाही. भरणाऱ्यांसाठी पैसे भरून सीट (प्लॅनमधली वापरकर्त्याची जागा) घ्यावी लागत नाही. एअरटेबलच्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर 'प्रीफिल', अंडरस्कोर, मग रकान्याचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि मूल्य दिलं की रकाना आधीच भरून येतो. प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर त्या प्रकल्पाचं नाव असं भरून ठेवा. चुकीच्या नावाच्या नोंदी जवळपास थांबतात.

उंचीचा त्रास आहेच. आतल्या ॲपची उंची बाहेरच्या पानाला आपोआप कळत नाही, म्हणून दोन स्क्रोलबार येतात आणि फोनवर बोट आतल्या यादीत अडकतं. कॅमेरा किंवा लोकेशन लागणारं ॲप बसवूच नका. आयफ्रेमला तशी परवानगी डॉक्युमेंटकडून मिळावी लागते आणि ती देणं आपल्या हातात नसतं. एका पानावर एकच ॲप ठेवा, बाकीच्या साध्या लिंक. प्रत्येक एम्बेड अख्खं ॲप लोड करतं.

परवानग्यांकडे नीट बघा. डॉक्युमेंटमधून एखाद्याला काढलं तरी ॲपची सार्वजनिक लिंक त्याच्याकडे चालूच राहते. ती रद्द करून नवी काढावी लागते. लिंकमध्ये फिल्टर लावून ओळी लपवणं ही सुरक्षा नव्हे, कारण लिंकमधला तो भाग कोणीही खोडू शकतो.

ॲपच्या प्लॅनचं नूतनीकरण केलं, पण फॉर्म आणि फक्त वाचायच्या तक्त्यांपुरतं. लॉगिन लागणाऱ्या ॲपसाठी डॉक्युमेंटमध्ये आता साधी लिंक आहे, नव्या टॅबमध्ये उघडणारी. वर्षभराचे पैसे एकदम भरण्याआधी ट्रायलमध्येच सफारीवर, एडिटर नसलेल्या खात्यातून, लॉगिनसकट सगळं चालवून बघा.